कोऱ्या काचांचे मास्तर

हाती काही लागलं नाही की माणूस हिरमुसतो, चिडतो, निदान नशिबाला तरी दोन शिव्या देतो. काही न लागल्याबद्दल टाळी वाजवणारा माणूस माझ्या उभ्या आयुष्यात एकच भेटला, आणि तो नेमका माझंच गिऱ्हाईक निघाला. अकोल्यात माझा फोटो स्टुडिओ होता. तीस वर्षांत मी अर्ध्या वऱ्हाडाचे चेहरे काचेवर उतरवले असतील. वकिलांचे, नवरदेवांचे, मॅट्रिकला पाचव्यांदा बसणाऱ्यांचे. ज्यांना हसू येत नव्हतं त्यांना हसवलं, ज्यांना मानच नव्हती त्यांना ती काढून दिली. पण या मास्तरांनी इतक्या वर्षांत माझ्याकडून एका माणसाचा, झाडाचा, गेला बाजार म्हशीचासुद्धा फोटो काढून घेतला नाही. ते काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचा, म्हणजे प्लेटा, आणत, मी त्या धूत असे, त्यांवर काहीही उमटलेलं नसे, आणि मास्तर म्हणत, "वा! काम सुरेख झालं." फोटोग्राफरला याहून मोठी शिवी नाही.

ते एका हायस्कुलात सायन्स शिकवत. उंच, वाळके, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि उजव्या भिवईवर कायम खडूची भुकटी. बोलताना त्यांना कपाळ खाजवण्याची सवय होती, आणि हातात खडू नाही असा क्षण त्यांच्या आयुष्यात नव्हता. पहिल्यांदा आले ते साधारण चोपन्न सालचा पावसाळा संपताना. प्लेट धुतली, पाहिली, कोरी. आता हा माणूस म्हणणार की तुम्ही बिघडवली. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी ती ओली काच खिडकीकडे धरली, खिशातून भिंग काढलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिली आणि म्हणाले, "काही नाही! अगदी काही नाही! स्वच्छ!"

मी विचारलं, "मास्तर, फोटो कशाचा होता?"

"न्यूट्रिनोचा."

मला वाटलं, एखाद्या पारशी बाईचं नाव असेल. मग त्यांनी मला समोरच्या खुर्चीत, म्हणजे माझ्याच स्टुडिओत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. काही पदार्थांतून म्हणे एक कण आपोआप उडतो. त्याच्यात जेवढा जोर असायला हवा तेवढा भरत नाही. मग उरलेला जोर जातो कुठे? तर कोणा शहाण्याने वीसेक वर्षांपूर्वी सांगून टाकलं की त्याच्या सोबत दुसराही एक कण उडत असणार. तो दिसत नाही, त्याला वजन असलंच तर नसल्यासारखं, त्याच्यात वीज नाही, आणि तो सहसा कशालाच धडकत नाही. पृथ्वीच्या एका अंगाने शिरतो आणि दुसऱ्या अंगाने निघून जातो.

"मग तो आहे कशावरून?"

"नसला तर गणित चुकतं."

माझ्या मेव्हण्याचं गणित दर वर्षी चुकायचं. त्यासाठी त्याने कधी नवा कण काढला नव्हता. पण मास्तरांचं चालूच होतं. तो स्वतः प्लेटेवर उमटणार नाही, पण चुकूनमाकून प्लेटेतल्या एखाद्या अणूला धडकला, तर तिथून जे उडेल त्याची बारीकशी रेघ उमटेल. ती रेघ त्यांना हवी होती.

"आणि धडकेल कधी?"

"अशा एका प्लेटेत?" मास्तरांनी कपाळ खाजवलं. "गणित मांडलं तर सूर्य विझेपर्यंत वाट पाहावी लागेल."

"आणि तुम्ही प्लेट ठेवली होती किती दिवस?"

"शनिवार ते मंगळवार."

त्यांनी मला धीर दिला. "अहो, ती सरासरी आहे. सरासरीत उद्याचा दिवसही येतोच की."

ही सरासरी म्हणजे मास्तरांचं कुलदैवत. घरी आमटीत मीठ जास्त झालं तर ते शांतपणे म्हणत, "कालच्या भाजीत कमी होतं. सरासरीने बरोबर आहे." बस स्टँडवर बस सुटून गेली तर पळत नसत, सरासरीने तासाला एक असते म्हणून उभे राहत, आणि त्या रस्त्याला दिवसाला दोनच गाड्या आहेत हे कंडक्टरने सांगितलं तरी त्यांचा विश्वास ढळत नसे. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ते स्वतःचा तळहात पुढे धरत. "आत्ता, या क्षणी, यातून अब्जावधी गेले. सूर्यावरून निघालेले. तुम्हाला काही जाणवलं?" समोरचा नाही म्हणाला की यांचा चेहरा उजळत असे. हो म्हणाला असता तर काय केलं असतं कोण जाणे. अकोल्याच्या उन्हात सूर्यावरून येणाऱ्या इतर गोष्टी एवढ्या जाणवतात की न जाणवणाऱ्या गोष्टींचं कौतुक करायला मुद्दाम असा माणूस लागतो.

एकदा शाळेत तपासणीसाठी इन्स्पेक्टर आले. त्यांनी फर्मावलं, "वर्गात एखादा प्रयोग करून दाखवा." मास्तरांनी टेबल पुसून स्वच्छ केलं, टेबलावर काहीही ठेवलं नाही, आणि हात मागे बांधून उभे राहिले. दोन मिनिटं गेली. इन्स्पेक्टर म्हणाले, "सुरू करा."

"सुरू आहे, साहेब."

"कुठे?"

"आपल्यातून चाललाय."

इन्स्पेक्टरांनी आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे. पुढच्या आठवड्यात मास्तरांना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी चार पानी खुलासा दिला, आकृतीसकट. आकृतीत इन्स्पेक्टर होते आणि त्यांच्यातून बाण गेलेले होते. ते प्रकरण मिटायला एक वर्ष लागलं.

छप्पन साली एके दिवशी मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन स्टुडिओत आले. मला वाटलं, मुलीचं लग्न जमलं. कोणत्या तरी इंग्रजी मासिकात आलं होतं की अमेरिकेत अणुभट्टीच्या शेजारी बसून काही जणांनी न्यूट्रिनो पकडला. मी पेढा तोंडात टाकून म्हणालो, "झालं तर मग. सुटलात. आता प्लेटा बंद."

"बंद काहून?" फार आनंद झाला की मास्तर वऱ्हाडीत बोलत, छापील शुद्ध बोलायला लागले की समजावं, रागावलेत. "तो भट्टीतला झाला. माणसानं केलेला. आपला वरून येऊन राहिला ना! आभायातून!"

म्हणजे ज्याच्यासाठी पेढे वाटले तो सोडून आता त्याचा भाऊ धरायचा होता. आणि त्यासाठी म्हणे खोल जायला हवं. कारण वरून इतर नाना तऱ्हेचे कण कोसळत असतात, ते प्लेट घाण करतात. जाड दगडाखाली गेलं की बाकीचे अडतात आणि हा एकटाच येतो. तोवर मास्तर प्लेटा शाळेच्या कपाटाखाली ठेवत असत. आता त्यांनी डोंगराकडे मोर्चा वळवला. एका रविवारी मला घेऊन ते पातूरच्या लेण्यांना गेले. जुन्या भिक्षूंनी कोरलेली ती शांत जागा. तिथे शिरून मास्तरांनी वैद्याने छाती ठोकावी तशा भिंती ठोकल्या, छताला कान लावता येईना म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून टाचा उंचावल्या, आणि निराशेने म्हणाले, "जाडी कमी आहे." ज्यांनी हयात घालवून ती लेणी कोरली त्यांना हे ऐकायला मिळालं नाही हे बरं झालं. लेण्यात बसलेल्या दोन शेळ्यांनी मात्र ऐकलं.

मग विहीर. पातूरच्या रस्त्यावरच्या एका गावात खोल विहिरी आहेत असं कोणी तरी सांगितलं. मास्तरांनी बिस्किटाच्या डब्यात प्लेटा घातल्या, झाकण मेणाने बंद केलं आणि आम्ही दारोदार हिंडलो. एकाने सांगितलं, पाणी नासेल. दुसरा म्हणाला, आधी सत्यनारायण घाला. तिसऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हटलं, "टाका बाप्पा, पन सापडला तं अर्दा माहा." मास्तर गंभीरपणे म्हणाले, त्याचे अर्धे होत नाहीत. बोलणं तिथेच फिसकटलं.

गावाच्या कडेला संपतचं शेत होतं. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तो घरादारासह नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. त्याची विहीर गावात सगळ्यांत खोल. गावच्या विहिरीवर त्यांना कधी पाणी भरू दिलं नव्हतं, म्हणून तो आणि त्याचे दोन भाऊ यांनी सात उन्हाळे सुरुंग लावून, पहारी चालवून काळ्या दगडात ती खणली होती. संपतने डबा हातात घेऊन हलवून पाहिला.

"याच्यात काय घावनार हाय म्हनता, मास्तर?"

"एक कण. सगळ्यांतून आरपार जातो. कोणाला लागत नाही, कोणाला शिवत नाही."

"शिवत नाई?" संपतने मान वर केली. "आमाले शिवत नाई, का गावाले शिवत नाई?"

मास्तर गडबडले. "तसं नव्हे संपतराव. दगड, माती, लोखंड, माणूस, सगळ्यांतून सारखाच जातो."

"पाटलाच्या आंगातूनबी?"

"हो."

"अन् माह्या?"

"तेवढाच. एक कमी नाही, एक जास्त नाही."

संपत थोडा वेळ विहिरीत पाहत राहिला. मग डबा काखेत मारून तो स्वतःच पायऱ्या उतरू लागला. "मंग धराच त्याले. असा कोनी हाय म्हनता, तं चार दिवस ठेवून घेऊ गावात."

पाण्याच्या वर, दगडाच्या एका कपारीत त्याने डबा घट्ट बसवला. त्या दिवसापासून मास्तर दर महिन्याला सायकल घेऊन तिकडे जाऊ लागले. जुना डबा काढायचा, नवा ठेवायचा, आणि मला काम. तीच काच, तोच कोरेपणा, तेच "वा!"

गावाला मात्र हे झेपलं नाही. शहरातला एक कोटवाला मास्तर महिन्या-महिन्याला येतो, विहिरीच्या काठावर तासन्‌तास बसतो, आणि विचारलं तर म्हणतो न्यूट्रिनोची वाट पाहतो. दोन-तीन तोंडांतून जाता जाता त्याची न्यूटरीन झाली. ही न्यूटरीन कोण, कुठली, कोणाची, याची चर्चा पारावर झाली, बाजारात आली आणि बाजाराच्या पिशवीतून थेट मास्तरांच्या घरात गेली. एक दिवस दुपारी मास्तरीणबाई पदर खोचून माझ्या स्टुडिओत हजर. मी उठून उभा राहिलो.

"भाऊजी, खोटं सांगू नका. ही न्यूटरीन कोण?"

मी कपाटातून कोऱ्या प्लेटांचा ढीग काढून त्यांच्यापुढे ठेवला. "ही."

त्यांनी एकेक काच उजेडाकडे धरून पाहिली. "यात तर कोणीच नाही."

"तेच तर."

शेवटची काच ढिगावर ठेवून त्या म्हणाल्या, "बाई असती तर बरं झालं असतं हो. दोन शब्द सुनावता तरी आले असते."

अशी चार-पाच वर्षं गेली. मास्तरांच्या बरोबरीचे लोक सुपरवायझर झाले, कोणी हेडमास्तर झाले, मास्तर आहेत तिथेच. मी त्यांना टोचून बोलण्याची एकही संधी सोडत नव्हतो. "काय मास्तर, आज काय नाही सापडलं?" हा माझा ठरलेला प्रश्न. आणि मग एका सोमवारी ती प्लेट आली.

लाल दिव्याखाली मी ती डेव्हलपरमधून काढली आणि मला दिसलं. काचेच्या मधोमध एक केसासारखी काळी रेघ. थोडी सरळ जाऊन मग वाकलेली. मला ती रेघ पाहताक्षणीच ओळखू आली. ट्रेमधून काच उचलायला सोपं जावं म्हणून मी करंगळीचं नख वाढवलेलं होतं. कोरड्या प्लेटेला धुण्याआधी असं काही घासलं की तिथे काळी रेघ उमटते, हे आमच्या धंद्यातला नवशिकाही सांगेल. पुडा उघडताना माझंच नख घासलं होतं.

मी प्लेट मास्तरांच्या हातात दिली. मला वाटलं होतं, ते भिंगातून पाहतील आणि हसून सोडून देतील. त्यांनी पाहिलं, आणि ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. "हे पाहा. इथं आला, इथं धडकला, इथून वळला," ते हळू आवाजात म्हणाले. मग एकदम ओरडले, "आला ना बाप्पा!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझ्या दारावर 'निर्दोष काम' अशी पाटी होती, आणि आत माझं नख. शिवाय मनात म्हटलं, आठ वर्षं काही नाही पाहून नाचतोय, दोन दिवस काही तरी पाहून नाचू दे. आपणहून विसरेल.

विसरतात कसले! हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे त्यांचं अभिनंदन केलं. ज्या हेडमास्तरांनी चार पानी खुलासा बोळा करून टाकला होता, तेच आता म्हणू लागले की मास्तरांना सगळी मोकळीक मीच दिली होती. त्याच आठवड्यात अमरावतीच्या एका कॉलेजात मुंबईचे एक मोठे शास्त्रज्ञ व्याख्यानाला येणार होते. मास्तरांनी रेघ त्यांना दाखवायची असं ठरलं. शाळेने माझ्याकडे रेघेचा मोठा फोटो मागितला. माझ्याच नखाचा ओरखडा मी बारा बाय पंधरा इंच मोठा करून दिला. काम अप्रतिम झालं होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मास्तरीणबाई पुरणाच्या पोळ्या घेऊन स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या हाताला यश आलं." माझ्या हाताला! त्या पोळ्या मी दोन दिवस उघडल्या नाहीत.

अमरावतीला जायला मास्तर, संपत आणि मी असे तिघं निघालो. संपतने नवा पांढरा सदरा घातला होता. मास्तरांनी मोठा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला होता आणि मांडीवर कोऱ्या प्लेटांची लाकडी पेटी घेतली होती. मी म्हटलं, ही ओझी कशाला? तर म्हणे, असू द्या. गाडीत संपत समोर बसला होता. बराच वेळ तो माझ्या हाताकडे पाहत होता.

"भाऊ, हे नख काहून वाढवलं?"

"काच उचलायला बरं पडतं."

"हौ?" संपत म्हणाला. "मंग काचेले लागत नसन कई?"

त्याने सहज विचारलं की समजून, हे मला आजही माहीत नाही. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर उतरलो, संपत चहा आणायला गेला, आणि मी मास्तरांना बाजूला घेऊन सांगून टाकलं. "मास्तर, ती रेघ न्यूट्रिनोची नाही. माझ्या नखाची आहे. पुडा उघडताना लागलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मी छापील शुद्ध मराठीची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी माझा हात हातात घेतला, करंगळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." एवढंच. संपत चहा घेऊन आला, आम्ही चहा प्यालो, आणि मी परतीची गाडी किती वाजता आहे ते पाहू लागलो, तर मास्तर पेटी उचलून अमरावतीच्या गाडीत चढलेसुद्धा.

व्याख्यानाचा हॉल भरलेला होता. साहेब मराठीच होते, पण व्याख्यान इंग्रजीत. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा कोटाची बटणं चाचपत मास्तर उभे राहिले. गुंडाळलेला फोटो खुर्चीवरच होता. त्यांनी पेटी उचलली आणि सरळ पुढे गेले. "साहेब, मी विहिरीत प्लेटा ठेवतो. आठ वर्षांच्या प्लेटा आहेत. यांतल्या एकीवरही काही नाही. फक्त एकीवर रेघ आहे, ती नखाची आहे."

हॉल हसला. असा हसला की मागे बसलेल्या मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. आठ वर्षं मी एकटा हसत होतो तेव्हा मला मजा वाटत होती; पाचशे लोक हसले तेव्हा वाटेना.

साहेबांनी एक काच घेऊन उजेडाकडे धरली. "विहीर किती खोल?"

"पन्नास हात."

"शंभरपट खोल जावं लागेल. आणि या साध्या प्लेटा चालायच्या नाहीत." काच परत केली. "पुढचा प्रश्न?"

मास्तर हार घातल्यासारखे परत आले. "ऐकलंत?"

"ऐकलं. नाही म्हणाले ते तुम्हाला."

"नाई म्हटलं, पन किती नाई ते सांगतलं ना! शंभरपट! आकडा देला!"

संपत मान हलवत म्हणाला, "शंभरपट आमच्यानं नाई होनार मास्तर. पन्नास हाताले सात उन्हाळे लागले व्हते."

अकोल्यात परतल्यावर मास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी उभं राहून सगळ्या शाळेला सांगितलं की रेघ ओरखड्याची होती, आणि प्लेट हाताळताना चूक आपल्या हातून झाली. आपल्या हातून. माझ्या स्टुडिओचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला हे त्या शाळेतल्या शिपायाकडून कळलं. हेडमास्तरांनी मोकळीक दिल्याचं बोलणं तिथेच थांबवलं. मुलं त्यांना रेघमास्तर म्हणू लागली. त्या वर्षी सुपरवायझरची जागा रिकामी झाली, ती दुसऱ्याला मिळाली. मी त्यांना जाऊन म्हटलं, मी हेडमास्तरांना खरं सांगतो. मास्तर छापील शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण आपलं काम करावं." ते माझ्यावर रागावल्याचा तेवढा एकच प्रसंग. पुढच्या महिन्यात ते नवी प्लेट घेऊन आले. ती कोरी निघाली.

पुढे मास्तरीणबाई अल्पशा आजाराने गेल्या. मास्तर निवृत्त झाले, अकोल्याचं घर आवरून अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे वाचन थांबलं होतं.

दोनेक वर्षांनी मी वर्तमानपत्रात वाचलं की दक्षिणेत एका सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड मैलाच्या आसपास, आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सोबत्यांबरोबर वरून येणाऱ्या न्यूट्रिनोच्या खुणा पकडल्या. मी मनात आकडेमोड केली. संपतच्या विहिरीच्या शंभरपट. पेपर खिशात घालून मी अमरावती गाठली. खरं सांगतो, चिडवायलाच गेलो होतो.

मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसले होते. मी बातमी वाचून दाखवली आणि म्हणालो, "सापडला मास्तर. आणि तुम्ही मुलीच्या घरी वाटाणे सोलताय."

ते हसले. हातातली शेंग सोलून त्यांनी दाणे ताटात टाकले.

"एक सांगू?" ते म्हणाले. "ती रेघ नखाची आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. शाळेच्या मायक्रोस्कोपमधून पाहिली की. कण असा डोळ्यांना दिसेल एवढी रेघ ओढतो होय? एवढंही कळू नये मला?"

"मग सांगितलं का नाही?"

"संध्याकाळी सांगणार होतो. घरी गेलो, तर ही माझ्या टेबलाशी येऊन बसलेली. सबंध संसारात कधी त्या टेबलापाशी आली नव्हती. म्हणाली, दाखवा ना कशी असते ती. मी भिंग तिच्या हातात दिलं. एक डोळा मिटून पाहत होती. मग रोजच यायची. स्वयंपाक आटपला की यायची, म्हणायची, पुन्हा दाखवा. काय काय विचारायची, मी सांगायचो. आठवडाभर. अमरावतीला गेलं की सांगून टाकायचंच होतं, पेटी त्यासाठीच घेतली होती. पण तोवर घरी काही सांगवलं नाही. चूक झाली ती. शाळेला उगाच फसवलं."

"आणि परतल्यावर त्यांना काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हणाली, असू द्या. आणि उठून गेली. मग पुन्हा नाही आली टेबलाशी."

मुलीने आतून चहा आणून ठेवला. मास्तर म्हणाले, "ती बातमी पुन्हा वाचता का? सावकाश वाचा."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते, मान किंचित कलती. बातमी संपली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत, एक बोट मात्र गुडघ्यावर हळूच ठोकत ऐकत होते, म्हणून मी तसाच पुढे वाचत गेलो. तिच्या खाली परतवाड्याच्या बैलबाजाराची बातमी होती. तीही मी सावकाश, शेवटपर्यंत वाचली.